आधी आडवं, मग उभं

कस्तुरी बाबरनं मोबाईल माझ्या टेबलावर, ब्युरेटच्या दोन स्टँडमधल्या मोकळ्या जागेत ठेवला आणि हात लगेच मागे घेतला.

"आईचा आहे," ती म्हणाली. "तिला कुणीतरी पाठवलंय. तुम्ही बघा. मी नाही बघत."

मधली सुट्टी होती आणि प्रयोगशाळेत आम्ही दोघीच होतो. स्क्रीनवर तिचा चेहरा होता, विज्ञान प्रदर्शनाच्या फोटोतून कापून काढलेला. मुलं असे स्टिकर करून एकमेकांना पाठवतात हे मी ऐकून होते. बघायची वेळ पहिल्यांदाच आली. पहिल्यात तिच्या डोळ्यांखाली निळे थेंब काढले होते आणि वर पिवळ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'तू एकटी नाहीस. खोल श्वास घे.' दुसऱ्यात तोच चेहरा आणि तोंडात तान्ह्या बाळाची बाटली. तिसऱ्यात त्या चेहऱ्याखाली जे शरीर चिकटवलं होतं त्याचं वर्णन मी आजही करणार नाही. एकूण एकवीस होते. मी शेवटपर्यंत मोजले, कारण मोजण्यापलीकडे मला काही सुचलं नाही. मोजून झाल्यावर बोट एप्रनला पुसलं.

"मॅडम, तुम्ही सांगितलं होतंत, नाव कुणाला कळत नाही," कस्तुरी म्हणाली. "मग यांना कसं कळलं?"

ती रडत नव्हती. गणितातली एखादी पायरी सुटलेली दिसावी आणि ती विचारावी, तशा आवाजात तिनं ते विचारलं.

याला आता सात वर्षं झाली. विट्यातल्या आमच्या शाळेत त्या वर्षी 'मनमैत्र' आलं होतं. पुण्याच्या एका कंपनीचं ॲप. मोबाईलवरून मुलांना होणाऱ्या त्रासाबद्दल तेव्हा सगळीकडे बोललं जात होतं, आणि त्यावर शाळेनं काहीतरी केलं पाहिजे असं आमच्या मुख्याध्यापकांच्या, महाडिक सरांच्या मनानं घेतलं होतं. नकाशांच्या खोलीतले नकाशे जिन्याखाली गेले. खोलीला गुलाबी रंग लागला, दारावर 'मनकक्ष' अशी पाटी आली, आत सहा टॅब. मोकळ्या तासाला मुलांनी जायचं, चिठ्ठीवर मिळालेला आपला आकडा टाकायचा, इयत्ता, तुकडी, मुलगा की मुलगी आणि अडचणीचा प्रकार यांवर खूण करायची, पाच चेहऱ्यांमधून आजचा आपला चेहरा निवडायचा आणि मनात असेल ते लिहायचं. पुण्यातली समुपदेशक चोवीस तासांत उत्तर देणार. भिंतींवर कंपनीची पोस्टर होती: तू एकटी नाहीस, तू एकटा नाहीस, खोल श्वास घे. कुणीतरी रोज सकाळी त्या खोलीत लिंबाच्या वासाचा फवारा मारायचं. टॅबच्या काचा मात्र कुणी पुसायचं नाही. त्या चिकट असायच्या.

समन्वयक म्हणून सरांनी माझं नाव दिलं. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी., कमी बोलणारी, कागद वेळेवर देणारी. प्रत्येक वर्गात जाऊन मीच सांगितलं होतं की इथे लिहिलेलं कुणाचं आहे हे कुणालाही कळणार नाही. मलासुद्धा नाही. ते खरं होतं.

कस्तुरी नववी टेक्निकलला होती. बत्तीस जणांची तुकडी, बाकी सगळे मुलगे. तू दुसरीकडे जा असं तिला अनेकांनी सांगून पाहिलं होतं. पण तिला वर्कशॉप आवडायचं. लोखंडाचा तुकडा कानशीनं घासून काटकोनात आणायचा, हे काम ती तासन् तास करायची. तिचे वडील सेलमला गलाईच्या धंद्यात होते. आमच्या भागात हे घरोघरी आहे: माणूस दूर कुठल्यातरी शहरात सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं दुकान चालवतो आणि वर्षातून एकदा-दोनदा गावी येतो. इथे मायलेकी दोघीच.

तिनं मला सगळं क्रमानं सांगितलं. दोन-तीन स्टिकर आधीपासून फिरत होते. तिनं त्याबद्दल मनमैत्रवर लिहिलं; तिकडून उत्तरंही येत होती. आणि गेल्या आठवड्यापासून वर्गातले मुलगे तिच्याकडे बघून मोठ्यानं खोल श्वास घ्यायला लागले. एकानं सुरुवात केली की बाकावरून बाकावर ते जायचं. मग स्टिकर वाढले, आणि रविवारी ते आईच्या मोबाईलवर पोचले.

"आई म्हणते, इथं अशी अब्रू जाणार असेल तर आपण दोघी आप्पांकडे जाऊ, सेलमला. शनिवारपर्यंत थांबते म्हणाली. कुणी सांगितलं ते शाळेनं शोधलं आणि पुढची हमी घेतली, तर नाही जायचं." तिनं खाली बघितलं. "मला सेलमला जायचं नाही, मॅडम."

तमिळ येत नाही म्हणून का, असं मी विचारलं. तिनं नकारार्थी मान हलवली.

"मी तिथं फक्त स्टिकरचं नाही लिहिलं. दुसरंही लिहिलंय. यांना एक कळलं, तर तेही कळलं असेल."

दुसरं काय, हे मी विचारलं नाही. ते गोपनीय होतं आणि विचारणं मला नियमाबाहेरचं वाटलं. मी फक्त म्हणाले की शनिवारपर्यंत शोधते. तो सोमवार होता.

मी वहीचं नवं पान घेतलं आणि ज्या ज्या वाटेनं नाव बाहेर जाऊ शकलं असतं त्या लिहून काढल्या. पहिलं नाव आमच्या क्लार्कचं, तांबोळी भाऊसाहेबांचं. आकड्यांच्या चिठ्ठ्या त्यांनी वाटल्या होत्या, आणि मनकक्षाची किल्ली त्यांच्याकडे असायची. कुणाला कुठला आकडा गेला याची यादी ठेवलीत का, असं मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, चिठ्ठ्या डब्यात घालून मी हलवल्या, पोरांनी आपल्या हातानं उचलल्या, मला काय ठाऊक. मी पुन्हा विचारलं. मग तिसऱ्यांदा, खोली उघडायला गेल्यावर कधी कुणाच्या खांद्यावरून टॅबकडे बघितलंत का, असं विचारलं. भाऊसाहेबांनी चष्मा काढला. किल्ली खिशातून काढून टेबलावर ठेवली.

"माझ्या घरात तीन मुली आहेत, मॅडम," ते म्हणाले. "आजपासून ही तुमच्याकडं ठेवा."

मी किल्ली घेतली. वहीत लिहिलं: तांबोळी, पुरावा नाही.

महाडिक सरांना मी स्टिकर दाखवले तेव्हा त्यांचं तोंड खरोखरच वाकडं झालं. ही घाण आपल्या शाळेतली नाही, असं ते दोनदा म्हणाले. मंगळवारी परिपाठात त्यांनी मोबाईलच्या दुष्परिणामांवर अकरा मिनिटं भाषण केलं. आपल्या एका भगिनीला त्रास होतोय, असंही म्हणाले. नाव घेतलं नाही. आमच्याकडे परिपाठाला मुलांच्या आणि मुलींच्या रांगा वेगळ्या असतात, तुकडीप्रमाणे. नववी टेक्निकलची मुलींची रांग म्हणजे एकटी कस्तुरी. सर 'भगिनी' म्हणाले आणि मैदानावरच्या सातशे माना तिकडे वळल्या. ती समोर बघत उभी राहिली. त्या दिवशी आणखी नऊ स्टिकर आले. एकात सरांचा फोटो होता, हात जोडलेला, आणि शेजारी तिचा चेहरा: 'भगिनी.'

बुधवारी मी पुण्याला कंपनीत फोन लावला. निनाद नावाचा एक तरुण बोलला, आवाजात फार आपुलकी असलेला. मी आमच्या शाळेचा क्रमांक आणि नोंदीची तारीख सांगितली. तारीख कस्तुरीनं दिली होती. त्यानं बघितलं आणि हसून म्हणाला की आमच्याकडून फुटणं शक्यच नाही.

"तो मेसेज अजून कुणी उघडलेलाच नाही, मॅडम. तेवीस दिवस झालेत, पण पेंडिंग आहे. कुणी वाचलंच नाही, तर बाहेर जाईल कसा?"

पण तिला उत्तरं येत होती, मी म्हणाले. ती सिस्टीमची, तो म्हणाला. माणूस नंतर बघतो. माणसं किती आहेत, असं विचारल्यावर त्यानं सांगितलं, समुपदेशक दोन, शाळा एकशे चाळीस, पण लवकरच वाढवणार आहोत.

तर्क बिनचूक होता. न वाचलेलं फुटत नाही. मी वहीत लिहिलं: कंपनी, नाही. आणि मला बरं वाटलं. हे मी लपवणार नाही. एक शक्यता बाद झाली म्हणून मला त्या क्षणी बरं वाटलं.

कस्तुरी मधल्या सुट्टीत येऊन दारात उभी राहिली आणि कळलं का म्हणाली. दोन शक्यता बाद झाल्यात, एवढंच मी सांगितलं. तिनं लिहिलेला मजकूर सुरक्षित आहे हे मला तेव्हा माहीत झालं होतं. पण अर्धवट निष्कर्ष सांगायची मला सवय नव्हती. पूर्ण झालं की एकदम सांगू, असं मी ठरवलं.

गुरुवारी मी विराज नलवडेला बोलावलं. नववी टेक्निकलचा पहिला नंबर, माझ्या प्रयोगशाळेचा प्रमुख. तराजूची पारडी न सांगता पुसणारा, उत्तराखाली एकक लिहायला कधीही न विसरणारा. स्टिकर कोण करतं, असं मी त्याला विचारलं.

"सगळेच करतात, मॅडम. दोन मिनिटांचं काम आहे."

तू केलेस का, असं विचारल्यावर तो म्हणाला, दोनच, ते पण साधे. हे सांगताना तो घाबरलेला नव्हता. घरच्या अभ्यासाबद्दल बोलावं तसं बोलत होता. मग तिनं तक्रार केली हे तुम्हाला कळलं कसं, असं मी विचारलं, तेव्हा मात्र त्यानं माझ्याकडे आश्चर्यानं बघितलं.

"फलकावर आहे की, मॅडम."

आमच्या जिन्यापाशी काचेचा मोठा फलक आहे. महाडिक सरांचं मत असं की जे फलकावर नाही ते झालंच नाही. हजेरी, शिष्यवृत्ती, वृक्षारोपण, टाकी कधी धुतली त्याची तारीख, सगळं प्लास्टिकमध्ये घालून तिथे लागायचं. मनमैत्रचा पहिल्या तीन महिन्यांचा तक्ताही तिथे लागून दहा दिवस झाले होते. तो मी केला होता. कंपनीकडून आलेल्या आकड्यांवरून सर एकच ओळ लावणार होते: एकूण नोंदी चोपन्न. मी त्यांना म्हणाले की नुसत्या बेरजेतून काही कळत नाही. बेरीज झाकते, फोड दाखवते. दोन संध्याकाळी बसून मी फोड केली. इयत्ता, तुकडी, मुलगे, मुली, अडचणीचा प्रकार. तारखांची तळटीपही दिली. सरांनी तो तक्ता दिसेल त्याला दाखवला होता, आणि ते दाखवत असताना मी शेजारी उभी राहत होते.

विराज मला फलकापाशी घेऊन गेला. काचेवर बोट ठेवून त्यानं डावीकडून उजवीकडे नेलं.

"नववी टेक्निकल. मुली. ऑनलाइन त्रास. एक." मी अजून त्या आकड्याकडेच बघतेय हे पाहून त्यानं मंद मुलाला समजवावं तसं समजावलं. "टेक्निकलला मुलगी एकच आहे ना, मॅडम. तुम्हीच शिकवलंत, तक्ता वाचताना आधी आडवं, मग उभं."

तो गेल्यावर मी काचेजवळ वाकले. फलकाची बाकी काच स्वच्छ होती. त्या एका चौकटीवर मात्र बोटांचा तेलकट डाग होता, रुपयाच्या नाण्याएवढा, एकावर एक उमटलेल्या ठशांचा. किती बोटं तिथे टेकली होती ते मोजता येत नव्हतं. खालच्या बाजूला कुणाच्यातरी डब्यातली हळद लागली होती. त्या डागामागे माझ्या सुबक अक्षरातला एक उभा होता. त्यानंतर मी कुठल्याही तक्त्यात पाचाखालचा आकडा वेगळा दाखवलेला नाही. त्याचा कस्तुरीला काही उपयोग नाही.

महाडिक सरांनी ऐकून घेतलं. थोडा वेळ पेन उघडझाक केलं. शनिवारी पुण्याहून समिती येणार होती, एका संस्थेच्या 'संवेदनशील शाळा' पुरस्कारासाठी. तक्त्याची प्रत त्यांच्याकडे आधीच गेली होती, आणि तो फलकावर लावलेला आहे असं अर्जात लिहिलेलं होतं.

"एकाचं शून्य करून टाका," सर म्हणाले. "कुणाला कळतंय."

मी नाही म्हणाले. नोंद आहे ती आहे; शून्य लिहिणं म्हणजे खोटं लिहिणं, असं मी त्यांना सांगितलं. आयुष्यात मी प्रयोगातलं एकही वाचन बदललेलं नव्हतं.

"मग राहू दे दोन दिवस. सोमवारी काढू. आणि तोवर कुणाकडं काही बोलू नका." सर आवाज खाली आणून, जवळजवळ मायेनं म्हणाले, "तुमच्यासाठीच सांगतोय, कणसे मॅडम. तक्त्याखाली नाव तुमचं आहे."

फलकाची किल्ली त्यांच्याच मागे खिळ्याला लटकत होती. मला ती दिसत होती. शून्य लिहायला मी दिलेला नकार मला त्या वेळी प्रामाणिकपणा वाटला. त्या प्रामाणिकपणामुळे तो एक आणखी दोन दिवस काचेमागे राहिला.

शाळा सुटताना कस्तुरी आली. हाताला वर्कशॉपमधलं काळं लागलेलं होतं.

"कळलं का, मॅडम?"

"अजून बघतेय," मी म्हणाले.

"असू दे," ती म्हणाली. "शनिवारपर्यंत आहे वेळ." माझ्या चेहऱ्यावर तिला काहीतरी दिसलं असावं, ती मला धीर देत होती.

शुक्रवारी ती आली नाही.

शनिवारी समितीचे तीन जण आले. मनकक्षात लिंबाचा फवारा इतका मारला होता की एका पाहुण्यांना ठसका लागला. टॅबच्या काचा पहिल्यांदाच पुसलेल्या होत्या. आठवीतल्या एका मुलीनं टॅबपुढे बसून हसरा चेहरा निवडून दाखवला. तो कुठला निवडायचा हे तिला आदल्या दिवशी सांगितलेलं होतं. मग सगळे फलकापाशी आले. समितीतल्या बाईंनी चष्मा लावून तक्ता सावकाश वाचला. एखाद्या शाळेत इतकं बारकाईचं काम पहिल्यांदाच बघतेय, असं म्हणाल्या. मग त्यांचं बोटही काचेवर त्याच जागी थांबलं.

"या एका मुलीचं पुढं काय झालं?"

"मिटलं ते," महाडिक सर म्हणाले. "वेळीच हस्तक्षेप केला."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. होकारार्थी.

प्रमाणपत्र माझ्याच हातात दिलं गेलं. टाळ्या झाल्या, पेढे आले. माझ्या तोंडात घातलेला पेढा ओलसर होता आणि त्याला प्लास्टिकचा वास येत होता. मी तो बराच वेळ तोंडात धरून उभी होते. कुणाचं लक्ष नाही असं बघून मी तो रुमालात काढला.

गर्दी पांगल्यावर तांबोळी भाऊसाहेब आले. त्या सोमवारपासून ते माझ्याशी बोललेले नव्हते. अभिनंदन वगैरे काही म्हणाले नाहीत.

"बाबरच्या पोरीची आई काल दाखल्याचा अर्ज देऊन गेली," ते म्हणाले. "कारण लिहिलंय, वडिलांकडं स्थलांतर. शनिवारपर्यंत धीर निघेना म्हणाली. उद्याची गाडी आहे मिरजेहून. शाळेला काही कळलं का, असं विचारत होती. मी काय सांगणार? मला कुठं काय ठाऊक आहे."

मी तशीच त्यांच्या घरी गेले. प्रमाणपत्र पिशवीत होतं. दोन खोल्या, आधीच निम्म्या रिकाम्या. भिंतीवर फोटो काढलेल्या जागांचे फिकट चौकोन. कस्तुरीची आई जुन्या साडीत प्रेशर कुकर गुंडाळत होती. मला बघून ती लगबगीनं उठली, सतरंजी पसरली आणि चहा टाकायला आत गेली. शाळेतल्या बाई घरापर्यंत आल्या याचंच तिला अप्रूप होतं. कस्तुरी मला मागच्या पडवीत घेऊन गेली.

मी तिला सगळं सांगितलं. तक्ता, फलक, तो एक. फोड करायचा आग्रह माझा होता, हे सांगितलं. मला गुरुवारी दुपारी कळलं होतं, हेही सांगितलं. ती पाण्याच्या पिंपाला टेकून ऐकत होती. माझं बोलून संपल्यावर तिनं पहिला प्रश्न विचारला तो तक्त्याबद्दल नव्हता.

"म्हणजे मी लिहिलेलं बाहेर गेलंच नाही?"

"नाही."

"तुम्हीपण नाही वाचलं?"

"मला ते दिसत नाही."

"आणि त्या पुण्याच्या मॅडमनी?"

"त्यांनीही नाही. अजून उघडलेलंच नाही. कुणीच वाचलेलं नाही, कस्तुरी."

तिचे खांदे खाली आले. आठवडाभर आवळून धरलेलं काहीतरी तिनं सोडलेलं मला दिसलं, आणि मी, या सगळ्यातून निदान एक चांगली गोष्ट तिला देता आली, असं समजले. ते चार-पाच सेकंद टिकलं. मग तिच्या कपाळावर बारीक आठी आली, उदाहरणातली पुढची पायरी दिसल्यासारखी.

"मग मला उत्तरं कोण देत होतं?"

मी सांगितलं. आपोआप येतात. सगळ्यांना तीच.

"मी रोज जाऊन बघत होते," ती म्हणाली. "मला वाटायचं, त्या विचार करतायत. अवघड आहे म्हणून वेळ लागतोय." तिनं आतल्या खोलीकडे बघितलं; तिथून कपबश्यांचा आवाज येत होता. मग आवाज अगदी खाली आणून ती म्हणाली, "आप्पा गणपतीत आले होते तेव्हा त्यांच्या मोबाईलवर फोटो बघितले मी. तिथं दुसरी बाई आहे, मॅडम. एक लहान मुलगी आहे. आप्पांसारखं नाक आहे तिचं. आईला माहीत नाही. मी एवढंच विचारलं होतं की आईला सांगू का नको."

"गुरुवारी तिकीट काढलेलं नव्हतं," कस्तुरी म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. तिनं फक्त तारीख सांगितली, जशी मी तक्त्याखाली दिली होती.

आई चहा घेऊन आली. बशी पदरानं पुसून तिनं कप माझ्या हातात दिला आणि उंबऱ्यावर टेकली. घामेजलेली, दमलेली, पण चेहरा उजळलेला. ती म्हणाली की झालं ते एका अर्थी बरंच झालं. चौदा वर्षं हा माणूस तिकडं एकटा हातानं करून खातोय. किती वेळा म्हटलं, आम्ही येतो, तर म्हणायचा जागा लहान आहे. आता न सांगताच जायचं, बघू काय म्हणतो ते.

"तिकडं शाळा चांगल्या असत्यात न्हवं, मॅडम?" तिनं विचारलं. "आणि काय का असंना, बापाच्या नजरंम्होरं राहील पोरगी. समदी एका जागी राहू."

कस्तुरी माझ्याकडे बघत होती. कुणीतरी आता सांगेल काय करायचं ते, अशी वाट बघत. महिनाभर त्या गुलाबी खोलीत, चिकट काचेसमोर बसून ती अशीच बघत असणार.

मी खोल श्वास घेतला.

"हो," मी म्हणाले. "चांगल्या असतात."